पेपरात लिहिलेली मेंढी

घाटंजीहून यवतमाळच्या कॉलेजात पाठवताना बाबा एवढंच म्हणाले होते, "एक साल पाह्यतो. नापास झाला त वापस ये." साठ-एकसष्टची गोष्ट असेल. वर्षभर ते वाक्य विसरलो नाही.

अर्थशास्त्राचे प्राध्यापक टिपणं सांगायचे. दुसऱ्या दिवशी उभं करून तीच म्हणून घ्यायचे. शब्द बदलला की वर्गाबाहेर. संयुक्त पुरवठ्याचं त्यांचं उदाहरण ठरलेलं: एकाच मेंढीची लोकर आणि मटण. आम्ही घडाघडा म्हणायचो. कळलं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर ते आजारी पडले, म्हणून महिनाभर एक तरुण सर आले. ते आम्हाला सरळ जिनात, कापसातून बी वेगळं काढायच्या कारखान्यात, घेऊन गेले.

"कापसातून काय निघून राह्यलं?"

"रुई अन् सरकी, सर."

"मंग रुईले भाव आला अन् कापूस वाढला, त सरकीचं काय होईन?"

मागून एक जण म्हणाला, "सरकी वाढन, तिची ढेप सस्ती होईन. म्हशीची मजा, सर."

सर आमच्याहून जास्त हसले.

चाचणीत मी रुई-सरकी लिहिली. तोवर जुने प्राध्यापक परतले होते. उत्तरावर तांबडी काट मारून त्यांनी मला उभं केलं. "ढेपेचं दुकान टाकणार आहात का? कोणी शिकवलं हे?"

मी त्या सरांचं नाव सांगून मोकळा झालो. त्या तरुण सरांकडे शिकवायला राहिलेली एक तुकडीही आठवड्यात काढून घेतली गेली.

विद्यापीठाच्या पेपरात प्रश्न आला: संयुक्त पुरवठा आपल्या भागातील उदाहरणासह स्पष्ट करा. मला येत होतं. पण हात पुढे जाईना. कोणीतरी मागून वाचतंय असं वाटत राहिलं. शेवटी मेंढी लिहिली. एकही शब्द बदलला नाही. तीन मार्कांनी राहिलो.

निकालानंतर ते तरुण सर एसटी स्टँडवर भेटले. "काहून रे? तुले त येत होतं."

"तुमचंच लिहिलं होतं, सर. तपासणाऱ्याले पटलं नाही."

"म्हंजे माह्यामुळं तुह्यं साल गेलं," ते म्हणाले, आणि तिथंच भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाला चिठ्ठी लिहून दिली.

त्या चिठ्ठीवर इतक्या दूर येऊन नोकरीला लागलो. घरात शिजतं ते त्यांच्या उपकाराचं. नको म्हणालो असतो, तर खरं सांगावं लागलं असतं. मी चिठ्ठी घेतली.