मुरूमकाकांची वाट

मुरूमकाकांना डांबराचा मनापासून तिटकारा होता. सिंधीपुऱ्यातल्या त्यांच्या घरापासून गावाबाहेरच्या पहिल्या कच्च्या रस्त्यापर्यंत डांबर चुकवायला जागाच नव्हती, म्हणून तेवढं अंतर ते सायकल हातात धरून चालत जायचे. वय अडुसष्ट, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात नोकरीच्या काळातले जाड बूट. कुणी विचारलंच, "काका, पंक्चर झाली का?" तर त्या गुळगुळीत रस्त्यावर उभं राहून गंभीरपणे सांगायचे, "नाही भाऊ, पुढं रस्ता चांगला लागला की बसतो." त्यांचं खरं आडनाव बऱ्हाणपुरात फार थोड्यांना माहीत होतं.

जळगावकडून तरुणपणी पेपर मिलमध्ये नोकरीला आलेल्या अनेकांपैकी ते एक. माझे वडीलही तसेच आले, त्यामुळे मिलच्या वसाहतीत काका आमच्या शेजारचेच. त्यांचं काम बांबूचं. जंगलातल्या डेपोत जाऊन तोडलेल्या बांबूंची मापं घ्यायची आणि गाड्या मिलकडे लावायच्या. साहेब लोकांना जीप होती, काकांना चोवीस इंची सायकल. धूलकोटकडच्या साग-अंजनाच्या त्या जुन्या जंगलात लाकूड वाहायला पाडलेल्या मुरमाच्या वाटा त्यांच्या तेव्हाच पायाखालच्या झाल्या. निवृत्तीनंतर नाशिकच्या मुलानं त्यांना जाड टायरची नवी सायकल घेऊन दिली आणि फोनवर कौतुकानं सांगितलं, "बाबा, हिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात." काका म्हणाले, "म्हणजे मुरमाची सायकल. मग तसं म्हण ना! मी चाळीस वर्षं काय चालवत होतो?"

मी शाळेत भूगोल शिकवते. चाळिशी उलटली आणि डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा सायकल घेऊन मी काकांच्या रविवारच्या फेरीत सामील झाले. पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला आणि निम्मी हवा सोडून दिली. "इतकी टणक हवा कशाला? दगडाशी भांडायला चाललीस का?" मी वैतागले. पण तापीकाठच्या वाळूत फेरीतल्या बाकीच्यांची चाकं रुतली आणि माझं चाक सरळ निघालं, तेव्हा मागच्या टायरची हवा मी स्वतःच कमी केली. तसं मला चूक कबूल करायला फार जड जातं.

आमची फेरी ठरलेली होती. कच्च्या रस्त्यानं जंगलात शिरायचं, बारेला आदिवासींच्या एका पाड्यावरून पुढं अंजनाच्या दाट झाडीत जायचं, मग उतारानं केळीच्या बागांमधून तापीवर यायचं आणि नदीच्या काठाकाठानं घरी. किती किलोमीटर, हे काकांना कधीही सांगता आलं नाही. ते सांगायचे, "सुमलीबाईच्या महूपाशी डावीकडे वळ. मग पाटलाच्या विहिरीपर्यंत मुकाट उतर, ब्रेक दाबत राहू नको." सुमलीबाई म्हणजे त्या पाड्यावरची त्यांच्याच वयाची बाई, आणि महू म्हणजे तिची मोहाची तीन झाडं. समोरून डोक्यावर मोळी किंवा हंडा घेऊन कुणी आलं की काका सायकलवरून उतरून वाटेबाहेर उभे राहायचे. मी घंटी वाजवायचे. एकदा म्हणाले, "बेटा, तू घाई काहून करू रायली? ती कामावर आहे, आपण हिंडायला आलो."

जंगलाबद्दल ते भावुक बोलत नसत. एकदाच, अंजनाच्या एका जुन्या बुंध्याला टेकून पाणी पिताना म्हणाले, "या जंगलानं कागद दिला, त्याच्यावर आपली पोटं भरली. आता निदान पाय जपून टाकायचा." त्या पाय जपण्यातला एक नियम पक्का होता. होळीपासून पुढं दीड महिना पाड्यावरची वाट बंद. त्या दिवसांत मोहाची फुलं पडतात. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा काढून जमीन झाडून लख्ख करतात आणि सकाळी घरातली सगळी माणसं टोपल्या घेऊन बसतात. दीड महिन्याच्या फुलांवर त्या घरांचं बरंचसं वर्ष निघतं. त्या दिवसांत आम्ही लांबच्या वळशानं नदी गाठायचो.

मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरीही मी ते केलं. एका हिवाळ्यात आमच्या फेरीचा नकाशा मी फोनवरच्या सायकलवाल्यांच्या अॅपवर चढवला. वळणं, चढ, पाण्याच्या जागा, सगळं नीट. भूगोलाच्या बाईंचा नकाशा होता तो! कौतुकानं नाव दिलं, 'मुरूमकाकांची वाट'. होळीचा नियम मात्र लिहिला नाही. नकाशात होळी कुठं लिहायची, असं मला वाटलं असावं.

होळीनंतरच्या रविवारी इंदूरहून आठ जण आले. त्यांनी अॅपवर फोटो टाकले, मी खूश होऊन प्रत्येक फोटोला पसंती दिली. चौथ्या फोटोशी हात थांबला. मोहाखालची झाडलेली जमीन होती, तिच्यावर पिवळट फुलांचा सडा आणि त्यातून गेलेले टायरचे आठ पट्टे. खाली लिहिलं होतं, 'जंगलातला सर्वांत सुंदर ट्रॅक'.

नकाशा तिथल्या तिथं काढून टाकून मी सिंधीपुऱ्यात धावले. काका ओट्यावर चेनला तेल देत होते. मी सगळं सांगितलं, रडत सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वाटेला नाव कोणाचं दिलं?"

"तुमचं."

"मग ते लोक पाड्यावर माझंच नाव सांगून गेले असतील. मलाच जावं लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत रजा टाकून मी त्यांच्याबरोबर गेले. पाड्याच्या तोंडाशी वाटेवर बोरीची काटेरी फांदी कुंपणासारखी आडवी टाकलेली होती. काकांनी सायकल बाहेर ठेवली आणि काट्यांच्या बाजूनं वाकून आत गेले. सुमलीबाई झाडाखाली बसली होती. तिनं वर पाहिलं. "बाबा, वो लोग तुमने भेजे थे? तुम्हारा नाम ले रहे थे."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "मेरे नाम से आए ना बाई, तो मैंने ही भेजे."

चाळीस वर्षांची ओळख, पण तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. काका तिथंच खाली बसले आणि फुलं वेचायला लागले. ओंजळ भरली की तिच्या टोपलीत टाकायचे.

मग ते रोज जायला लागले. गुडघे रोजच्या सायकलीला तयार नव्हते, म्हणून सकाळची पहिली बस धरायचे. डांबरावरून, खिडकीशी बसून! गावानं चेष्टा केली, काकांनी ऐकून घेतली. रविवारी मीही जायचे. मांडी घालून त्यांना बसता यायचं नाही, एक पाय लांब करून बसायचे. उठताना झाडाला धरून उठायचे आणि ते बघताना माझा जीव अर्धा व्हायचा. "काका, खरं सांगून टाकते," असं मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा त्यांनी दटावलं, "फुलं वेच, मास्तरीण. बोलायला शाळा आहे."

फुलं संपली, दीड महिना संपला. काटे तिथंच होते. काकांना तो उन्हाळा बाधला, आणि पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ते गेले. तापीकाठी त्यांना निरोप दिला तेव्हा नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. त्यांचा मुलगा नाशिकला परत गेला, घराला कुलूप लागलं. सुमलीबाईला कळवायचं धाडस मला दिवाळीपर्यंत झालं नाही.

दिवाळीनंतर एकटीच गेले. पाड्याच्या तोंडाशी काटे नव्हते, वाट झाडलेली होती. सुमलीबाईला कळलेलंच होतं. बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. मी सायकलवरून उतरले आणि जे आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं, की नकाशा माझा होता, काकांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

"मालूम है," ती म्हणाली. "पहले दिन से मालूम था. बाबा को कहाँ नक्शा बनाना आता है."

"फिर तब रास्ता क्यों नहीं खोला?"

"उस दिन बहुत गुस्सा था. बाद में मैंने ही बोला, बाबा, काँटे हटा दूँ? तो बोले, मेरे लिए मत हटाओ, मेरे घुटने तो गए. मास्टरनी के लिए हटाना. उसके हाथ से गलती हुई है, अब वो डर के मारे जंगल में आना छोड़ देगी. अकेली आएगी, उससे पहले हटाना. मैंने तो दशहरे को ही हटा दिए, तब से रोज देख रही थी, तुम आई ही नहीं."

मी सायकल तिथंच आडवी टाकली आणि रस्त्यात बसून लहान मुलीसारखी रडले. काकांना निरोप देतानाही इतकी रडले नव्हते. सुमलीबाई शेजारी उभी राहिली. माझं रडणं ओसरल्यावर तिनं सायकल उचलून सरळ केली आणि हॅन्डल माझ्या हातात दिलं.

"अब निकलो," ती म्हणाली. "नदी तक पहुँचते-पहुँचते धूप हो जाएगी."