भातांत मीठ नाहीं

कुंभकोणमच्या आस्पत्रीत मागल्या अंगाला वेड्यांची एक खोली होती, तिथं मी झाडू मारायचो. एकदा डॉक्टर म्हणाले, "मद्रासला जा, वेड्यांची शुश्रूषा शिकून ये." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "जाशील रे, पण ते तुला वेड्यांतून परत सोडतील का?" मलाही तीच भीती, म्हणून मी डॉक्टरांना उत्तरच देईना.

तेवढ्यात खोलीत एक आजोबा आले. जेवत नव्हते, नुसते पुटपुटायचे. सगळे म्हणाले, वेड्याची बडबड. मीही तेच म्हणालो. आम्ही घरी मराठी बोलतो, पण घराबाहेर सगळं तमिळच, तिथं मराठी कोण बोलणार? तिसऱ्या दिवशी टाळक्यात उजेड पडला. आजोबा आमच्या घरच्याच मराठीत म्हणत होते, "भातांत मीठ नाहीं."

मी मीठ आणलं, ते जेवले. मग म्हणाले, "गाढवा, बहिरा आहेस काय?"

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं. मी तमिळमध्ये गाढवासकट सगळं सांगितलं आणि म्हणालो, "मद्रासला जातो, अय्या. आपलीच भाषा कळायला ज्याला तीन दिवस लागतात, त्याला कुणीतरी शिकवायलाच पाहिजे."