शेवटाकडून कापायचं

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. आलेला मजकूर जागेत बसेल एवढा करणं हे त्याचं काम. बत्तीस वर्षं त्यानं ते एकाच नियमावर रेटलं: कापायचं ते शेवटाकडून. बातमीदार मुद्द्याचं पहिल्या चार ओळींत सांगून मोकळा होतो, पुढे नुसतं पाल्हाळ. कुणी कुरकुरलं तर हा म्हणे, “शेवट वाचतो कोण?”

गडी कामाला वाघ होता, यात वाद नाही. पण ही हुशारी कचेरीतच ठेवून यायची असते, ती त्यानं घरी नेली.

आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. थोरल्या बहिणीनं त्याला लहानाचं मोठं केलं. ती दूरच्या गावी राहायची आणि लांबलचक पत्रं लिहायची. आधी मांजर, मग गुडघे, मग शेजारणीची सून. मनातलं बोलायला तिला सहा पानं लागत. हा पहिलं पान वाचून घडी घाली आणि एका ओळीचं उत्तर टाकून मोकळा होई. याही वेळी त्यानं लिहिलं, “पत्र वाचलं. मांजर बरी झाली, बरं वाटलं.”

दीड महिन्यानं भाचीचा फोन आला. ताई गेली होती.

तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. दुःखानं आधीच डोकं फिरलेलं, तो भाचीवरच तडकला. “एवढी आजारी होती, आणि मला एका शब्दानं कळवलं नाहीस?”

“आईनं लिहिलं होतं ना, मामा,” भाची म्हणाली. “शेवटच्या पानावर. डॉक्टरांनी महिनाच सांगितलाय, एकदा भेटून जा म्हणून. मी फोन करते म्हटलं, तर नको म्हणाली. तो पत्र वाचेल आणि येईल, म्हणाली. हात चालत नव्हता तिचा. तेवढं पान लिहायला तीन दिवस लागले. मग तुझं उत्तर आलं, मांजरीचं.”

वाचलंच नाही म्हणावं, तर ताईचे ते तीन दिवस मातीत जात होते. तिच्या लेकीला हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

“वाचलं होतं मी,” तो म्हणाला. “सगळं वाचलं होतं. कामात होतो.”

भाचीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग त्याची पिशवी उचलून बाहेर पायरीवर नेऊन ठेवली.