रबराच्या मळ्यातला कॉम्रेड

न्यूझीलंडात पामर्स्टन नॉर्थला आल्यावर पहिल्या वर्षातच मला किवी इंग्रजी येऊ लागलं, असा माझा समज होता. समज माझाच, ऑफिसात कोणी तसं म्हटल्याचं आठवत नाही. पुण्याहून नवं कोणी आलं की ‘स्वीट ॲज’ म्हणजे ‘झकास’ कसं, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला ‘डेअरी’ म्हणत असले तरी तिथे गाय का नसते, हे मी त्याला न विचारता समजावून सांगायचो. दोन हजार चौदात बाबा आमच्याकडे राहायला आले, तेव्हा या विद्वत्तेला खरा वाव मिळाला.

तसं बाबांचं इंग्रजी वाईट नव्हतं. उभा जन्म बँकेत गेलेला, त्यात युनियनचे पुढारी. त्यांची निवेदनं वाचून मॅनेजर घाम पुसायचा म्हणे. पण ते सगळं कागदावर. बोलायला लागले की त्यांचं इंग्रजी इथे कोणाला कळायचं नाही, आणि शेजारच्या म्हाताऱ्याचं अर्धं नाकातून, अर्धं मिशीतून यायचं, ते बाबांना कळायचं नाही. त्यामुळे मी इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर करणारा दुभाषी झालो. असं पद दुसऱ्या कोणाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

हा शेजारी एकटा राहायचा, वयाने बाबांच्याच बरोबरीचा. मार्चअखेरीला त्याने कुंपणावरून बादलीभर फिजोआ नावाची हिरवी फळं दिली. बाबांनी ती कच्चे पेरू समजून त्यांच्या फोडी केल्या, तिखटमीठ लावलं आणि पहिली फोड त्यालाच दिली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मग त्याने दुसरी मागितली.

मैत्री जमतेय म्हटल्यावर बाबांनी आपली वाकडी करंगळी पुढे केली. ती ते सगळ्यांनाच दाखवायचे. तरुणपणी अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्च्यात लाठी बसून ती वाकडी झाली, ही त्यांची आयुष्यभराची कमाई. (आई म्हणायची, दारात चेंगरली.) शेजाऱ्याला त्या सगळ्यातला एकच शब्द कळला.

“व्हिएतनाम?” तो म्हणाला. “आय वॉज देअर, मेट. ऑन द गन्स. इन द रबर.”

किवी माणूस ‘न’ आणि ‘म’ एकाच घोटात गिळतो, अशी माझी एक थिअरी होती. मी बाबांना सांगितलं, “हे व्हिएतनाममध्ये होते. रबराच्या मळ्यात. गम काढायचे, म्हणजे चीक.”

न्यूझीलंडमधून कोणी तिकडे चीक काढायला कशाला जाईल, हा प्रश्न मला पडला नाही. मी आयटीतला, कोड कंपाइल झाला की मी पुढे जातो.

“मळेकामगार!” बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. “कॉम्रेड!”

हा शब्द त्याला भाषांतराशिवाय कळला. त्याने बराच वेळ हात सोडला नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की कुंपणापाशी त्यांची बैठक बसायची, मधे दुभाषी मी. बाबा विचारायचे, वरच्यांची वागणूक कशी होती? तो म्हणायचा, आम्हाला कधीच काही सांगायचे नाहीत. विमानातून झाडांवर औषध फवारायचे, ते आमच्याही अंगावर पडायचं. पुढे कातडीचे विकार झाले, तर कोणी जबाबदारी घेईना. “मालक सगळीकडे सारखेच,” बाबा म्हणायचे. परत आलो तेव्हा कपडे बदला आणि गुपचूप घरी जा असं सांगितलं, तो म्हणाला. तू जायलाच नको होतंस म्हणून सख्खी बहीण कित्येक वर्षं बोलली नाही. बाबा हळूच मला म्हणाले, “संप चालू असताना हा कामावर गेला असणार. पण म्हणून बहिणीने संपफोड्या ठरवावं?”

प्रत्येक उत्तर प्रत्येक प्रश्नाला चपखल बसत होतं. मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका.

एप्रिलमध्ये एकदा तो मला म्हणाला, “शुक्रवारी आमच्यासारख्यांचा मार्च आहे. मी आजवर कधी गेलो नाही. लोक तोंड फिरवतील अशी भीती वाटते. त्या दिवसांबद्दल मला आपणहून विचारणारे तुझे बाबा पहिलेच. ते आले तर जाईन, नाहीतर नाही.”

शुक्रवारी अँझॅक डे होता. त्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की दुपारपर्यंत दुकानं बंद असतात.

“कामगारांचा मोर्चा?” बाबा खुलले. “एक मेच्या आधीच?”

“इथलं घड्याळ पुढे असतं ना,” मी खुलासा केला.

शुक्रवारी सकाळी तो आमच्या फाटकाशी उभा राहिला. निळा कोट, इस्त्रीची पँट, छातीवर पदकांची रांग. बाबा पदकांकडे बघतच राहिले. “ही चीक काढल्याबद्दल?”

मी भाषांतर केलं. शेजाऱ्याने मान हलवली. मग “गन्स,” असं सावकाश म्हणत त्याने हवेतच तोफेत गोळा भरला आणि कानांवर हात ठेवले. अमेरिकेच्या बाजूने न्यूझीलंडचे सैनिकही त्या युद्धात होते, त्यांच्या तोफांचा तळ रबराच्या मळ्यात होता आणि अँझॅक डे हा सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, हे इतकी वर्षं इथे राहून मला तेव्हा कळलं.

बाबांचा चेहरा उतरला. “याला सांग,” ते म्हणाले, “मी याच्याविरुद्ध मोर्च्यात होतो. हे बोट त्याच मोर्च्यातलं. आणि या वेळी नीट सांग.”

मी सांगितलं. शेजाऱ्याने करंगळीकडे पाहिलं. “माझी बहीणही होती मोर्च्यात,” तो म्हणाला. “आणि मला कोणी ओढून नेलं नव्हतं. विशीत होतो, हौसेने गेलो. हेही सांग त्यांना.” मग तो छातीवरची पदकं काढायला लागला. “राहू दे. मी घरी जातो.”

हे मात्र मी शब्दन्‌शब्द बरोबर सांगितलं, आणि आयुष्यात प्रथमच चूक व्हायला हवी होती असं वाटलं.

बाबा आत गेले. संपलं, मी मनात म्हटलं. ते बाहेर आले तेव्हा कानटोपी घातलेली होती आणि हातात बूट होते. पायरीवर बसून नाड्या बांधताना ते पुटपुटत होते, “संताप आलाय मला. भयंकर संताप आलाय. पण एकट्याने मोर्चा निघत नाही.”

गावातल्या चौकाकडे जाणारी रांग हळूहळू सरकत होती. ते दोघे हातभर अंतर ठेवून चालत होते, मी मागे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि ती टाळ्या वाजवायला लागली. शेजारी जागच्या जागी थबकला. लोक तोंड फिरवतील याची त्याने तयारी केली होती, टाळ्यांची नव्हती. मागचे लोक येऊन आमच्यावर आदळले, तरी तो हलेना. मग मान खाली घालून तो रांगेबाहेर निघाला.

बाबांनी त्याचं कोपर धरलं, वाकड्या करंगळीच्या हाताने.

“चला कॉम्रेड,” ते मराठीत म्हणाले. “मोर्च्यात मधेच थांबायचं नसतं.”

मी घाईघाईने पुढे झालो, घसा खाकरला, इंग्रजी वाक्य तयार केलं. तोवर दोघे चालू लागले होते.