पाहुण्याची मासळी

अर्नाळ्याच्या एका कोळीण मावशीमुळे माझी नोकरी टिकली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी माझीच रडगाणी सांगत बसेन आणि तिचं राहून जाईल.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी बीडकडचा. शाळा सातवीतच सुटली होती. लग्न झालेलं, एक मुलगा, गावी रोजगार हमीवर खडी फोडायचो. एका ओळखीनं विरारला तपासणीच्या कामावर लागलो आणि फुलपाड्याला खोली घेतली. एका नदीवर वीजघर होतं. ते यंत्रं थंड करायला नदीचं पाणी आत घ्यायचं आणि कोमट करून परत सोडायचं. त्या कोमट पाण्यात मासळीचं काय होतं ते आमचे साहेब मोजत होते. पण ताडून बघायला वीजघर नसलेली नदीही हवी. ती वैतरणा. तिच्या तोंडाशी अर्नाळा, म्हणून मी तिथं.

काम सोपं वाटायचं. पाण्यात तापमापक सोडायचा आणि जाळ्यात आलेल्या मासळीतली एक पाटी घ्यायची. मग एकेक जात वेगळी करून फळीवर लांबी मोजायची. पाटी मावशीच्या नवऱ्याच्या होडीवरून मिळायची. ओला मासा मी तोवर पाहिलाही नव्हता. आमच्या बाजाराला यायचे ते सुके बोंबील. त्यामुळे पाटीत जे येई ते मी देवाचं नाव घेऊन मोजायचो.

दोन-तीन खेपांनंतर साहेबांनी माझे आकडे पुढ्यात धरले.

"काय हो, तुमच्या नदीत मासळीला पोरं होत नाहीत का?"

"म्हणजे साहेब?"

"सगळी थोराड. बारकं एकही नाही. वीजघरापाशी सगळ्या मापाची मिळते, इथं नुसते पैलवान. हे खरं मानलं तर गरम पाण्यानं मासे आखडतात असं लिहावं लागेल." ते हसले, मी नाही. मग म्हणाले, "आणखी दोन खेपा असंच आलं तर अर्नाळा बंद. दुसरी नदी बघू."

नदी दुसरी म्हणजे माणूसही दुसरा. त्या रात्री झोपेत मी खडीच फोडत होतो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर लवकर गेलो आणि बघतो तर काय, जाळं रिकामं होताच मावशी वाकून माझी पाटी भरत होती. एकेक निवडून. बोटाएवढं काही दिसलं की बाजूला भिरकावायची आणि पापलेट हातानं पुसून वर ठेवायची.

"मावशी, मला निवडलेली नको. जसं जाळ्यातून पडलं तसं द्या. कुटासुद्धा." कुटा म्हणजे बारीकसारीक चुरा, खताला जाणारा.

तिनं कमरेवर हात ठेवले. "पावन्याला कुटा देऊ? गावान त्वांड दाखवाचं हाय ना मना?"

"अहो, पण मोजायचंच ते आहे."

"मोज ना. चांगलं हाय ते मोज. एवढ्या लांबून आलास, घरी बायकोला काय सांगशील, अर्नाल्याला कचरा देला?"

वीजघर, गरम पाणी, बारकी पिल्लं, सगळं समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि वर आणखी एक पापलेट ठेवलं. तिचा नवरा, होडीचा नाखवा, होडीत बसून हसत होता. "तिला सांगून काय होनार नाय. मी पण सांगून बगलंय, वीस वरसं."

दुपारी तिनं जेवायला बसवलं. माझ्या ताटात घोळ माशाची जाड तुकडी. त्यांच्या ताटात मोडकी, बोटाएवढी मांदेली आणि जवळ्याचं कालवण. तेव्हा डोक्यात उजेड पडला. चांगलं बाजाराला आणि पाहुण्याला, मोडकं घरच्यांना. मी तुकडी नाखवाकाकांच्या ताटात ठेवली आणि त्यांच्या टोपातली मांदेली घेतली. मावशी बघतच राहिली. मी ऐटीत तोंडात घातली आणि काटा घशात.

खोकून डोळ्यांत पाणी. मावशीनं कोऱ्या भाताचा मोठा गोळा करून तोंडात कोंबला. "चावू नको. गिल." गिळला, काटा उतरला. मग ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की काकांनाही घास खाली जाईना.

"घरच्यासारखं खावाचं त घरच्यासारखं शिक, येड्या," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला किनाऱ्यावर पोचतो न पोचतो तोच तिची हाक. "ए येड्या, उबा काय ऱ्हातोस? पाटी धर." आणि जाळ्याचं टोक सुटताच तिनं पहिला ढीग तसाच माझ्या पाटीत ओतला. ढोमे, कोलंबी, खेकडे, काड्या, एक तुटकी चप्पल आणि नखाएवढी पिल्लंच पिल्लं. पापलेट होतं, तेवढं तिनं उचलून घेतलं. "हा बाजारचा."

"अहो, तोही मोजायचाय."

"मंग लवकर मोज न परत दे."

साहेबांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "आली वाटतं पोरं." अर्नाळा चालू राहिला, मीही राहिलो. वर्षभरात बायको-मुलाला घेऊन आलो.

मावशीचा पाहुणा मी पुन्हा कधी झालो नाही. पाट्या उचलल्या, जाळी वाळत घातली, शिव्या खाल्ल्या. ती आता थकली आहे, पण जीभ तशीच आहे. तिनं ज्वारीचं शेत अजून पाहिलेलं नाही. एका थंडीत तिला आमच्या गावी नेणार आहे. हुरडा भाजायला मी बसेन, पहिली मूठ तिच्या हातावर, आणि एक भांडंही तिला उचलू देणार नाही. ती भांडेल. भांडू दे.