फटफटीचा टेकू

आयुष्यात मला सगळ्यांत जास्त वैताग कुणी दिला असेल, तर तो एका सागवानी फळीनं. हसू नका. वैताग माणसांनीही दिला, पण माणसांशी निदान भांडता येतं.

तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांतली गोष्ट. आम्ही बोईसरला स्टेशनाजवळ दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. हे त्या बांधकामावर ओव्हरसियर होते आणि मी नवापूरच्या शाळेत मास्तरीण. नोकरीत कायम व्हायला अजून वर्ष जायचं होतं. एसटी होती, पण ती शाळा भरून तास झाला की उगवायची, आणि पावसात तर तिचा काही नेमच नसायचा. म्हणून यांनी पालघरच्या एका गृहस्थाकडून जुनी फटफटी घेतली. रोज सकाळी मी मागे बसायचे, हे वाकडी वाट करून मला शाळेशी सोडायचे आणि तसेच कामावर जायचे. संध्याकाळी मी मिळेल त्या बैलगाडीनं नाहीतर पायी यायचे. घरी उशिरा पोचल्याबद्दल कुणी शेरा मारत नाही.

आमच्या हेडमास्तरांचं मात्र घड्याळावर फार प्रेम. "बाई, पावसाळ्यात जमत नसेल तर घरी बसा. ही जागा मागणारे पुष्कळ आहेत," असं त्यांनी मला पहिल्याच पावसात ऐकवलं होतं. त्यामुळे त्या फटफटीचं मागचं वीतभर आसन म्हणजे माझी नोकरी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. यांनाही ठाऊक असेल असा माझा समज होता.

यांचा सगळा जीव त्या सीटवर. सीट भिजली की आतला स्पंज पाणी पितो आणि बसलं की सोडतो, म्हणून पाऊस सुरू झाला की यांची धावपळ बघावी! आधी माझ्या टेबलावरचं मेणकापड गेलं. ते वाऱ्यानं उडालं, तर माझी छत्री उघडून सीटवर बांधली आणि मी शाळेच्या वऱ्हांड्यातून पदर डोक्यावर घेऊन पळाले. मी कटकट केली, तेव्हा पालघरच्या बाजारातून पानांचं इरलं आणलं. जंगलपट्टीतल्या बाया लावणीच्या वेळी पाठीवर घेतात ना, ते. मला वाटलं, चला, माझी आठवण झाली! कसलं काय, ते फटफटीला घातलं. आमच्या अंगणात ती लावणीला वाकलेल्या बाईसारखी उभी, आणि शेजारी मी भिजतेय.

"दोन आणली असती तर?" मी म्हटलं.

"तुझ्याकडे छत्री आहे की," हे म्हणाले. हद्द झाली!

त्यातच यांची पाठ धरली. बांधकामाच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केली होती, आणि त्यावरून रोज जाऊन येऊन यांच्या मणक्यानं दावा मांडला. पालघरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पाठीला काहीतरी टेका द्या, नाहीतर फटफटी सोडा. फटफटी सोडली तर यांची नोकरी गेली. तेव्हा टेका हवा, याबद्दल माझं दुमत नव्हतं. हे वाईट नव्हते, त्यांचं खरंच दुखत होतं. सकाळी उठताना भिंत धरून उठायचे, ते मला बघवत नसे.

पण टेका करायला हे गेले कुणाकडे? नवापूरच्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडे. लाकडाला बाक द्यावा तर त्यानंच, असं कुणीतरी सांगितलं होतं. रविवारी सकाळी गेले, संध्याकाळी आले. अंगणातूनच हाक, "अगं, बाहेर ये, बघ तर खरी!"

बघितलं. सीटच्या बरोब्बर मध्यावर हातभर उंचीची सागवानी फळी उभी होती, पाठीच्या आकाराची, छान वळवलेली. खालून दोन लोखंडी पट्ट्या सीटमधून आरपार नेऊन चौकटीला ठोकल्या होत्या. वर मुशी माशाच्या तेलाचा हात मारलेला, होडीला मारतात तसा. आळीतली दोन मांजरं आधीच चाकाशी येऊन बसली होती.

"आणि मी कुठे बसू?" मी विचारलं.

यांनी सीटकडे अशा नजरेनं बघितलं, जणू ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मग म्हणाले, "मागे जागा आहे की."

मागे चार बोटं जागा होती. सोमवारी सकाळी त्या चार बोटांवर मी बसले. फळीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती, तरी पहिल्या मोठ्या खड्ड्यात मी रस्त्यावर आणि हे पुढे. पन्नास पावलं गेल्यावर त्यांना मागचं वजन कमी झाल्याचं कळलं! चिखलानं माखलेल्या लुगड्यातच मी वर्गात गेले, तेही उशिरा. हेडमास्तरांनी ते वहीत लिहिलं.

"सकाळपुरती फळी काढून ठेवा, मला सोडलं की परत लावा," मी म्हटलं. यांनी पाना लावला, हातोडी मारली, घाम गाळला. फळी ढिम्म हलेना. त्या सुतारानं सगळे खिळे आरपार नेऊन त्यांची टोकं उलटी वळवून ठोकून टाकली होती. होडीची फळी समुद्रात सुटता कामा नये, आणि त्या भल्या माणसाला तेवढंच ठाऊक. भरीस भर म्हणजे पट्ट्यांच्या भोकांतून पाऊस थेट स्पंजात जायला लागला, आणि हे त्या भोकांत मेण भरत बसले. माझ्या नोकरीला पडलेलं भोक मात्र कुणाला दिसत नव्हतं.

आठवडाभर मी पहाटे उठून चालत गेले. साडेचार मैल. दोनदा उशीर झालाच. हेडमास्तर म्हणाले, "बाई, आता वर कळवावं लागेल." रविवारी मी यांना म्हटलं, "चला त्या सुताराकडे. आत्ता." यांना चालवत नव्हतं, मला बसता येत नव्हतं. तेव्हा हे फटफटीवर पहिल्या गिअरमध्ये आणि मी शेजारून पायी, अशी आमची वरात निघाली. रस्त्यावर खडी टाकणारे मजूर ओरडले, "अरे साहब, मेमसाब को भी बिठा लो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुतार वाळूत एका होडीच्या कडेला बसला होता, शेजारी त्याची बायको जाळं दुरुस्त करत होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग यांच्याकडे वळला.

"साहेब, तुमी त बोललाव, मी एकटाच बसतो, मागं कोन बसत नाय."

मी यांच्याकडे बघितलं. दोन वर्षं रोज सकाळी मी यांच्या मागे बसले होते. खड्डा आला की हे मागे रेलायचे आणि यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर यायचा.

"असं म्हणालात तुम्ही?"

"अगं, कुणी नाही म्हणजे बाहेरचं कुणी नाही," हे म्हणाले. "तू काय, घरातलीच."

खोटं बोलले असते तर मी भांडले असते. पण ते अगदी मनापासून बोलत होते, आणि तेच मला जिव्हारी लागलं.

सुतार हळूच म्हणाला, "बाय, काढ बोलशील त काढतो. पन फळी फाटंल. सीट बी जाईल."

"नको," मी म्हटलं. "यांची पाठ राहू दे." आणि सुताराच्या बायकोला विचारलं, "तुमच्याकडे राहायला जागा आहे का?"

तिनं आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वटी हाय आमची. रा."

हे म्हणाले, "वेडी झालीस का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुमची नोकरी तुम्हाला, माझी मला."

मी राहिले. त्या वटीवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, सुक्या बोंबलांचा वास, खाली वाळू, आणि शाळा हाकेच्या अंतरावर. रोज घंटेच्या आधी मी वर्गात. हेडमास्तरांना वहीत लिहायला काही सापडेना. रागानं मी आतून धुमसत होते आणि यांच्या जेवणाची काळजीही करत होते. दोन्ही एकदम होतं, ते कुणाला सांगून पटत नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी, शाळा सुटता सुटता, फटफटीचा आवाज आला. फळी नव्हती. यांनी ती करवतीनं बुडापासून कापली होती, वेडीवाकडी. सीट फाटून स्पंज बाहेर आला होता, त्यावर काहीसुद्धा झाकलेलं नव्हतं आणि पाऊस पडत होता. पोरं भोवती गोळा झाली. हे उतरले नाहीत. उतरले असते तर परत चढता आलं नसतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"बस," एवढंच म्हणाले.

मी बसले. घरी पोचेपर्यंत लुगडं स्पंजाच्या पाण्यानं भिजलं.

डॉक्टरांना भीती होती तेच झालं. यांची पाठ गेली ती गेलीच. दोन वर्षांनी यांनी बांधकामावरचं काम सोडलं आणि बसून करायचं कारकुनी काम धरलं. तोवर मी कायम झाले होते, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत शिकवलं. रोज रात्री यांच्या कंबरेला निर्गुडीचं तेल चोळताना मला वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं. पण तेव्हा नोकरी सोडायला हवी होती, असं मला एकदाही वाटलं नाही, आणि यांनी तेल लावून घेताना तसं एकदाही म्हटलं नाही.