मुख्त्यारसिंगच्या बुलेटचा मागचा ब्रेक

मुख्त्यारसिंगची हयात वीज मंडळात लाइनमन म्हणून गेली. अख्ख्या कोटली गावाची वीज तो एका खटक्यात बंद करी. घरची बुलेट थांबवणं मात्र त्याला एका खटक्यात कधी जमलं नाही. बुलेट त्याच्या बापाने घेतलेली, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, अशा जुन्या चालीची. तिच्या मागच्या ब्रेकवर मुख्त्यारसिंगचा जो विश्वास होता तो श्रद्धेच्या जातीचा, म्हणजे पुराव्यावाचून टिकलेला.

गुरुद्वाऱ्यापाशी थांबायचं तर चुलतभाऊ दलबारासिंगच्या फाटकापाशी ब्रेक दाबायला घ्यायचा, हे त्याच्या डाव्या पायाला तोंडपाठ होतं. तिथून जो ब्रेकचा ड्रम किंचाळायला लागे तो थेट गुरुद्वाऱ्याच्या कमानीपर्यंत. कोंबड्या पांगत, म्हाताऱ्या भिंतीला टेकत, आणि आत पाठ करणारे ग्रंथीजी 'आला मुख्त्यार' म्हणून प्रसादाच्या कढईखालचा जाळ कमी करीत.

दलबाराशी बोलणं बंद होतं. मुख्त्यारच्या मुलीच्या लग्नात मिलनीच्या वेळी, दोन्हीकडचे काके-मामे एकमेकांना मिठ्या मारतात तेव्हा, काकाच्या मानाला दलबाराऐवजी भलत्याचंच नाव पुकारलं गेलं. दलबारा नवी गुलाबी पगडी बांधून शेवटपर्यंत उभा राहिला आणि न जेवता घरी गेला. तेव्हापासून, आपल्याच फाटकापाशी सुरू होणारी ती किंचाळी खास आपल्यासाठी असते, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती. दोघांच्या बायकांनी या वैरात भाग घेतला नाही. त्यांना कामं होती.

मग एका संग्रांदीला, महिन्याच्या पहिल्या दिवशी, बुलेट कमानीपाशी थांबलीच नाही. आत शिरून ती दर्शनाला आलेल्या संगतीच्या जोड्यांच्या ढिगात जाऊन विसावली. सेवेकरी दुपारपर्यंत जोड्या जुळवत होते. सरपंच दोन्ही डावे जोडे घालून घरी गेले.

"पुढच्या संग्रांदीला मी छिंदरच्या स्कूटरवर जाईन," घरी आल्यावर त्याची बायको हरबंस कौर म्हणाली. छिंदर म्हणजे दलबाराची बायको.

"त्याच्या स्कूटरवर? अख्ख्या गावादेखत?"

"तिला ब्रेक आहे, सरदारजी."

सगळं आयुष्य जी बाई आपल्या मागे बसली ती शत्रूच्या स्कूटरवरून आपल्याला मागे टाकून जाणार, हे चित्र मुख्त्यारला रात्रभर दिसत राहिलं. सकाळी तो बुलेट घेऊन नाभा शहरात बिल्लू मिस्त्रीकडे गेला.

बिल्लूने चाक उतरवून ड्रममध्ये बोट फिरवलं. "तायाजी, हा गोल होता का कधी? अंडं झालंय याचं. नवे लायनर घातले तर बिचारे टेकणार कुठे?"

"बापाच्या वेळचा आहे."

"दिसतंय. त्यांच्याच वेळी टेकला असेल शेवटचा. डिस्क बसवू या. नव्या मॉडेलचं चाक घालतो, डिस्कला चिमटा घेणारा कॅलिपर धरायला मागच्या दांड्यावर पट्टी वेल्ड करतो."

"पण डिस्क तर उजवीकडे येतेय. माझा पाय डावीकडे आहे."

"ब्रेकही उजव्या पायाला घेऊ."

"अजिबात नाही. गाडी बापाची आहे, पाय त्याच सवयीचा आहे."

"बरं, पाय राहू दे. जुन्या ब्रेकच्या सळईला वळता येत नाही, नळीतल्या तेलाला येतं. पंप डावीकडे लावतो, नळी फिरवून पलीकडे नेतो."

पट्टी वेल्ड झाली, चाक बसलं. मग नळीतली हवा काढताना बिल्लू खाली बसून "दाबा... धरा... सोडा" म्हणत राहिला, आणि मुख्त्यार कवायतीला उभा केल्यासारखा दाबत, धरत, सोडत राहिला. शेवटी बिल्लू म्हणाला, "आता नुसता अंगठा टेकवायचा, तायाजी. पूर्वीसारखं त्याच्यावर उभं राहायचं नाही."

"कळलं."

डोक्याला कळलं होतं. पायाला कोणी सांगितलं नव्हतं.

जुना ड्रम त्याने फडक्यात गुंडाळून घरी आणला. हरबंस कौरने त्यात मिरचीचं रोप लावलं.

संग्रांदीच्या सकाळी ती मागे बसली, पण पिशवी छातीशी धरून, उडी मारायच्या तयारीने. "आज थांबली नाही, तर पुन्हा बसणार नाही," तिने बजावलं.

"भागवाने, नवीन ब्रेक आहे. बघच तू."

दलबाराचं फाटक आलं. दलबारा बाहेर खाटेवर बसला होता. मुख्त्यारने रिवाजाप्रमाणे मान दुसरीकडे वळवली, आणि डाव्या पायाने रिवाजाप्रमाणे आपलं सगळं वजन ब्रेकवर टाकलं.

बुलेट जागच्या जागी खिळली. हरबंस कौर त्याच्या पाठीवर आदळली, त्याची पगडी डोळ्यांवर आली, इंजिन बंद पडलं. ना किंचाळी, ना काही. पगडी वर सारून पाहतो तर समोर दलबारा उठून उभा.

दारात येऊन थांबलेल्याला विचारल्याशिवाय कोटलीत कुणी राहत नाही, मग तो वैरी का असेना. दलबाराने घसा साफ केला. "पाणी घेशील, की चहा?"

मुख्त्यारला पेच पडला. 'मी थांबलो नाही, गाडी थांबली' असं सांगावं तर गाडी अजून स्वतःच्याच मर्जीने थांबते हे पाठीमागे बसलेलीला कळणार. आणि फाटकाच्या आत छिंदरची स्कूटर धुऊनपुसून तयार उभी होती.

"चहा," तो म्हणाला. मग एवढ्यावर भागेना म्हणून, "तुझ्याकडेच थांबलो. मिलनीला तुझं नाव राहिलं होतं."

"फार लवकर आठवलं."

"ब्रेक नव्हता ना."

दलबाराने क्षणभर बुलेटकडे पाहिलं, मग असा काही मिठीत घेतला की मुख्त्यारची पगडी पुन्हा डोळ्यांवर आली. छिंदर धावत आली, चहाबरोबर पिन्नीचे लाडू आले, आणि जेवूनच जा असा हुकूम सुटला. तिकडे गुरुद्वाऱ्यात किंचाळी ऐकू न आल्यामुळे प्रसाद जरा करपला.

घरी जायला निघताना हरबंस कौर मागे बसली, या वेळी पिशवी मांडीवर ठेवून.

"बघितलास ब्रेक?" मुख्त्यारने विचारलं.

"बघितला," ती म्हणाली. "पुढच्या संग्रांदीला त्यांच्याकडे थांबायचं असेल तर हातभर पुढे दाबा, सरदारजी. आज उतरले ती सरळ छिंदरच्या म्हशीच्या शेणात."